बोटभर तेल

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की मोजायलाही कुणी उरलं नाही. एका डोंगरी राज्यात, नदीकाठच्या गावात हैबती नावाचा विणकर राहत होता. त्यानं विणलेला रेशमी शेला हातात घेतला तर पाण्यासारखा निसटायचा. राजवाड्यापर्यंत त्याचं नाव पोचलं होतं.

पण लहानथोरांनो, त्या शेल्यामागे आणखी दोन हात होते. ते त्याच्या बायकोचे, सगुणेचे. कच्चं रेशीम राखेच्या खाराच्या गरम पाण्यात धुवायचं, पिळायचं, वाळवायचं, ते तिनं. मागावर धागा तुटला की सांधायचा, तोही तिनंच. तिनं सांधलेली जागा हैबतीलाही नंतर शोधून सापडत नसे.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि अगदी कोरडी आली. वारा सुटला की ओठ उलायचे, गालांची कातडी ताणायची. घरोघरी बायका तेल कोमट करून पोराबाळांना चोळत. सगुणेच्या घरात मात्र अंगाला तेल लावायची बंदी होती.

"रेशमाला तेलाचा डाग पडला तर जन्मात निघायचा नाही," हैबती म्हणायचा.

अशातच राजवाड्यातून निरोप आला. राजकन्येच्या लग्नाला हैबतीचाच शेला हवा. शुभ्र रेशमाचा, सोनेरी काठाचा. मग काय, माग दिवसभर खटखटू लागला, आणि सगुणेचे हात खाराच्या पाण्यातून निघेनात. आधी बोटांवर पांढरी खवलं आली. मग पेरांवर भेगा पडल्या. भाकरी थापताना पीठ भेगांत शिरायचं आणि ती डोळे मिटून घ्यायची.

एका सकाळी हैबती मागाच्या लाकडाला तेल लावत होता. तो रोजच लावायचा. सगुणा जवळ येऊन म्हणाली, "अहो, त्यातलं बोटभर मला द्या ना. निजताना लावीन, उजाडलं की धुऊन टाकीन."

"आणि धागा कोण सांधणार? तेलकट बोटांनी?"

"मागाला तर रोज देता."

"थंडीत लाकूड उलतं," हैबती म्हणाला. "माग उलला तर दुसरा कुठून आणू?"

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला मात्र आपण काय बोललो ते उमगलंच नाही. तो खाली वाकून पुन्हा लाकूड पुसू लागला.

शेजारी एक म्हातारी राहायची. तिनं नदीवर सगुणेचे हात पाहिले आणि संध्याकाळी कोकमतेलाचा गोळा आणून दिला. "पोरी, हे कोमट करून भेगांत भर. वर फडकं गुंडाळ. सकाळी बेसनानं हात धू, डागबिग काही पडत नाही. कातडीची हेळसांड करू नको, ती बोलत नाही, पण विसरतही नाही."

सगुणेनं दोन रात्री तसं केलं. भेगांची तोंडं मिटू लागली. तिला शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी हैबतीला तो गोळा सापडला. "राजाचं काम घरात असताना हे धंदे?" असं म्हणत त्यानं तो चुलीत टाकला. जाळ भडकन वर आला. दुसऱ्या दिवशी सगुणेनं हात पुन्हा खाराच्या पाण्यात घातले.

थंडी वाढली. भेगा आता खोल गेल्या होत्या. एका दुपारी धागा सांधता सांधता सगुणेचं बोट फाटलं आणि शुभ्र रेशमावर रक्ताचा थेंब पडला.

"हे काय केलंस!" हैबती ओरडला.

सगुणेनं तळवा पुढे केला. त्यानं तो पाहिला. पाहिला, आणि पाणी आणायला धावला. आधी त्यानं डाग धुतला.

डाग निघाला. सगुणेच्या बोटात मात्र पू झाला. सूज मनगटापर्यंत चढली, अंग तापानं फणफणलं. तेव्हा कुठे वैद्य आला. त्यानं जीव वाचवला. "पण बोटं आखडली," तो म्हणाला. "आता ती सरळ व्हायची नाहीत. यांना स्पर्शही कळायचा नाही. भेगा होत्या तेव्हा काय लावलंत?"



शेला अर्धाच राहिला होता. हैबतीनं गावातल्या बायका बोलावल्या, पण प्रत्येक सांधा गाठीसारखा दिसायचा. शेवटी राजकन्येच्या खांद्यावर दुसऱ्याच गावचा शेला आला. त्यानंतर राजवाड्यातून हैबतीला निरोप आला नाही, आणि पुढं पुढं कुणाचाच आला नाही.

मग हैबतीनं कोकमतेल आणलं. चुलीवर कोमट केलं, बायकोसमोर बसला आणि तिचं एकेक बोट चोळू लागला.

"बरं वाटतंय का?"

"मला काय ठाऊक?" सगुणा म्हणाली. "तुम्ही बोट धरलंय, तेसुद्धा बघितलं म्हणून कळतंय."

तो चोळतच राहिला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "खरं सांगा. हे हातासाठी चाललंय की शेल्यासाठी?"

हैबतीची नजर मागाकडे गेली. सगुणेनं हात काढून घेतला, पदराखाली झाकला आणि ती उठून ओसरीवर उन्हात जाऊन बसली. पुढची कित्येक वर्षं हैबती दर थंडीत तेल कोमट करी. तिनं हात पुन्हा कधी पुढे केला नाही.

तात्पर्य: कातडी कोरडी पडली तेव्हा नाकारलेलं बोटभर तेल, भेग चिघळल्यावर घागरभर ओतलं तरी पुरत नाही.