माथ्यावरचं सांगायचं राहिलं

“मग मी वर पोचलो की नाही, महाराज?”

जनार्दनगिरी शेंगा सोलत होते. गावाबाहेरच्या टेकडीवर एका खोलीत राहणारा हा गोसावी, आलेल्याला सहसा उलटा प्रश्न विचारूनच वाटेला लावी. 

यशोधनने फोन पुढे धरला. फोटोत किलिमांजारोचा माथा, माथ्यावरची पाटी आणि पाटीला टेकून उभा असलेला यशोधन.

“हा तू ना?”

“मीच.”

“मग पोचलास की.”

“पण मला त्यातलं काहीच आठवत नाही...”

ते खरं होतं. पायथ्याच्या केळीच्या बागा आठवत होत्या, तिथला घामट उकाडा आठवत होता. शेवटच्या चढावर मात्र विरळ हवेने डोकं बधिर केलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. भानावर आला तो खालच्या तंबूत. वाटाड्या इलियासने सांगितलं, वर जाईपर्यंत तुम्ही धड बोलत होता, हसतसुद्धा होता. उतरताना मात्र दोघांनी धरून आणलं.

दुसरा कुणी फोटो भिंतीवर लावून मोकळा झाला असता. यशोधनची अडचण घरी खाटेवर पडून होती.

वडिलांनी, तात्यांनी, उभा जन्म या डोंगराचा बेत रचण्यात घालवला होता. कोणत्या वाटेने जायचं, कुठे मुक्काम करायचा, पाणी कुठे मिळेल, सगळं तोंडपाठ. निघायची वेळ आली आणि पाय गेले. तेव्हा चिरंजीवांनी छाती फुगवून सांगितलं, मी जातो, वरचं सगळं जसंच्या तसं तुमच्यापुढे आणून ठेवतो.

आता तात्या रोज विचारत होते, वर काय दिसलं? आणि हा बहाद्दर दमलोय म्हणून रोज तोंड चुकवत होता. तात्यांचे फार दिवस उरलेले नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खोटं रचायला जीभ रेटत नव्हती आणि खरं सांगितलं तर म्हातारा रिकाम्या हाताने जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. यशोधन पुरता गोंधळला होता. स्वतःची लाजही वाटत होती.

“खोटंच सांगू का?”

महाराजांनी सूप बाजूला सारलं. भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

“मला सांग.”

“काय?”

“तात्यांना सांगशील ते.”

यशोधन चाचरत सुरू झाला. आधी केळीची पानं, मग ओलंगच्च जंगल, मग झाडंच संपली. हवा अंगवळणी पडावी म्हणून दिवसा उंच चढायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं. त्याला तो सारा वेळ फुकट वाटला होता, हेही त्याने सांगून टाकलं. शेवटच्या चढाआधी बोटं इतकी गारठली, की कोटाची चेन इलियासने लावून दिली. एक पाऊल टाकायचं, उभं राहून दम घ्यायचा. समोर फक्त इलियासच्या टाचा. पायाखाली बर्फ करकरायला लागला...

तो थांबला.

“पुढं?”

“पुढं नाही, महाराज. खरंच काही नाही.” त्याला रडू आवरेना.

 महाराजांचे डोळे मिटलेलेच होते, पण छाती चढ चढल्यासारखी वरखाली होत होती. हळूहळू श्वास शांत झाला. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी मान एकीकडून दुसरीकडे वळवली, आणि तोंडावर हसू आलं...

यशोधन बघतच राहिला. यांना कसलं हसू येतंय, ते त्याला कळेना. शेवटी त्याने दबकत विचारलं,

“महाराज, तात्यांना काय सांगू?”

“त्या बर्फापर्यंत आण त्यांना... आणि मग वाटेतून बाजूला हो.”