होडीचा अंगरखा

समुद्रकाठच्या एका गावात एक शिंपी राहत होता. त्याच्या हातचा कपडा अंगावर चढला की कुठे एक चुणी दिसायची नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवून त्याने एकच हौस केली होती. स्वतःसाठी एक छोटी होडी बांधून घेतली होती, आकाशी रंगाची. दुकान बंद असेल त्या दिवशी तो तिच्यातून खाडीच्या तोंडापर्यंत जायचा, वारा खायचा आणि परत यायचा.

पुढे त्याने समुद्रतळाला सोडून मोठ्या कोळंबीसारख्या शेवंडी धरायचे पाच पिंजरे घेतले. त्याच्या लेकीला, इंदूला, शेवंडीचं कालवण फार आवडे. ती सासरहून माहेरपणाला यायची होती. तिला होडीत बसवून न्यायचं, तिच्यासमोर पिंजरा वर ओढायचा आणि तिचा चेहरा बघायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण पिंजरा भारी जड. तळाला दगड बांधलेले, कामट्यांची टोकं बाहेर आलेली. वर ओढताना तो होडीच्या कुशीला घासायचा. पहिल्याच दिवशी आकाशी रंगावर वीतभर ओरखडा उठला. त्या दिवशी शिंप्याला जेवण गेलं नाही.

गावातले कोळी पिंजरे ओढताना होडीच्या कुशीवर जुनं गोणपाट टाकत आणि परत आल्यावर काढून वाळत घालत. शिंप्याला ते लोंबतं गोणपाट बघवेना. त्याने जाड कापड आणलं, आत काथ्या भरला आणि महिनाभर खपून होडीला मापाचा अंगरखा शिवला. काठापासून पाण्याखाली दोन वितीपर्यंत. तो जरासुद्धा हलू नये म्हणून पितळेच्या बारीक चुका आणून त्याने कापड फळ्यांवर ठोकून टाकलं.

किनाऱ्यावर ही गर्दी जमली.

"शिंपीदादा, होडीचं लग्न ठरलं काय?" एक कोळीण म्हणाली.

"हसा. पण एक चुणी दाखवा," शिंपी म्हणाला.

गावचा म्हातारा तांडेल, होड्यांचा जुना जाणकार, कापडावरून हात फिरवत होता. "चुका किती मारल्यास रे?"

"ऐंशी!"

"बऱ्याच झाल्या की," तांडेल म्हणाला आणि चालू लागला.

पावसाळा येऊन गेला. पिंजरे कितीही घासले तरी ओरखडा उठेना. शिंपी खूश होता. अंगरख्याखाली काय चाललं आहे ते त्याला दिसत नव्हतं, आणि बघावं असं कधी वाटलंही नाही.

इंदू आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक किनाऱ्यावर गेले. होडी दोन दिवस उन्हात वाळूवर होती. तांडेलाने येऊन अंगरख्यावर अंगठा दाबला. अंगठ्याभोवती पाणी आलं.

"दोन दिवस ऊन खाऊनही ओलं आहे," तो म्हणाला. "एक बाजू उसव आणि आत बघ. मग पोरीला बसव."

"उसवू? महिना घातलाय मी याच्यात, तांडेलकाका!"

"बाबा, उसवा ना," इंदू म्हणाली. "मी घालते परत टाके."

शिंप्याने अंगरख्याकडे पाहिलं. इतकी नीट बसलेली शिवण त्याच्या हातून पुन्हा उतरली नसती. "काही होत नाही गं. बस तू," तो म्हणाला.

पहिले दोन पिंजरे रिकामे निघाले. तिसरा जड लागला. इंदू बघायला वाकली, होडी त्या अंगाला कलली आणि पिंजरा कुशीवर आपटला. रोज धप्प असा आवाज यायचा. आज कचकन् आला. फळीतून पाणी उसळलं.

शिंप्याने दोरी सोडली आणि खांद्यावरचं उपरणं भोकात कोंबलं. बोटांखाली लाकूड भिजल्या भाकरीसारखं विरघळलं. भोक दुप्पट झालं. इंदू डब्याने पाणी उपसत होती. तिला पोहता येत नव्हतं. दोघांच्याही ते लक्षात होतं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा ती ओरडली.

तांडेल लांब नव्हता. सकाळी तो अंगठा पुसत तसाच त्यांच्या मागोमाग निघाला होता. त्याने आधी इंदूला आपल्या होडीत ओढून घेतलं, मग शिंप्याला, आणि शेवटी अर्धी बुडालेली आकाशी होडी दोरीने बांधून घेतली.

किनाऱ्यावर त्याने पक्कडीने एकेक चूक उपटली. अंगरखा निघाला तसा रंगही त्याला चिकटून निघून आला. खालच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. चुकेच्या प्रत्येक भोकातून तपकिरी पाणी गळत होतं.

"ओरखडा मात्र एकही नाही हो," तांडेल म्हणाला.

इंदू ओल्या पातळात काकडत उभी होती. शिंपी तिच्याकडे बघत होता, आणि तिची नजर वर आली की खाली वाळूकडे बघत होता.

चार फळ्या बदलाव्या लागल्या. तोवर इंदूचं माहेरपण संपलं आणि ती शेवंड न खाताच सासरी गेली. वर्षभराने ती परत आली तेव्हा होडीच्या कुशीवर पाच-सहा ओरखडे होते. कापडाचा एक तुकडा शेजारी काठीवर वाळत घातलेला होता.

"हे काय बाबा? शिवणं सोडलंत की काय?"

"सोडलं कुठे!" शिंपी म्हणाला. "आता नाडीचं शिवतो. संध्याकाळी सोडायचं, आणि एकदा हात फिरवून बघायचं."

इंदूने तळव्याने फळ्या चाचपल्या. कडक होत्या. मग ती होडीत चढली.

तात्पर्य: जे जपायचं आहे, त्याच्यावरचं पांघरूण रोज काढून बघावं.