कुलुपावरचा हार

एकदा एका व्यापाऱ्याला आपल्या दानाचे फळ लोकांच्या तोंडून ऐकावेसे वाटले. गावातल्या काही बुरुडांना तो फुकट बांबू पुरवीत असे, आणि त्यांच्या सुपा-टोपल्यांची दुकाने आता बाजारात ओळीने थाटली होती. नदीकाठच्या वृद्ध आचार्यांना तो म्हणाला, "महाराज, माझ्या दानाने गावचा धंदा वाढला, एवढेच भर बाजारात सांगा. तुमच्या पाठशाळेवर कौले मी घालून देतो."

आचार्यांजवळ बसलेला त्यांचा शिष्य हरखला. छप्पर इतके गळके होते, की मुले येईनाशी झाली होती.

बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याने त्या दुकानांच्या सत्काराचा हार आचार्यांच्या हाती दिला. आचार्य ती सजलेली ओळ ओलांडून थेट टोकाला गेले आणि एका बंद दुकानाच्या कुलुपावर त्यांनी तो हार घातला.

"गुरुजी, अहो, ते भिवाबाईचं दुकान!" शिष्य कुजबुजला.

भिवाबाई सरपणाची मोळी घेऊन तिथूनच चालली होती. "काय हो महाराज, जिती आहे की मी अजून! हार कसला घालताय?"

"दुकान का मिटलंस, बाई?"

"मी बांबू विकत आणायची. यांची फुकटच्या बांबूची सुपं निम्म्या दरात. गिऱ्हाईक काय माझं तोंड बघून येणार?"

लोक हसले. व्यापारी मात्र भडकला. "एक कुलूप दिसलं, माझी एवढी दुकानं नाही दिसली? मग कौलं विसरा!"

"दिसली, शेठ," आचार्य शांतपणे म्हणाले. "पण उद्यापनाला किती पाने उठली, यावर व्रताचे फळ ठरत नाही. दुसऱ्या दिवशी, कुणी पाहत नसताना, आपण कसे वागतो त्यावर ते ठरते. तुमचा बांबू थांबला तर यातली किती दुकाने टिकतील? तो आलाच नसता, तर इथे काय असते? उघडलेल्यांतून मिटलेली वजा करा. उरेल ते तुमचे पुण्य, आणि ते उरावे अशीच माझी प्रार्थना आहे. पण न मोजता माझ्याकडून वदवून घेऊ नका. साक्ष विकून छप्पर घातले, तर त्याखाली मुलांना शिकवू काय?"

व्यापारी शिष्याकडे वळला. "तू तरी समजाव यांना. छप्पर तुम्हालाच हवंय ना?"

शिष्याला ओले पाट आठवले, रिकाम्या जागा आठवल्या. त्याने मान वर केली.

"हवंय, शेठजी. पण असं नको."

आणि छप्पर शाकारायचे गवत कापायला विळा मागावा म्हणून तो भिवाबाईच्या मागे चालू लागला.