आंतोनचं नाव

"...मग रविवारचं प्रवचन मी करू की नको, फादर?" तरुण फादर एलायसने विचारलं.

फादर बेनेदित वेदीची पायरी उतरत होते. त्यांनी आधी पायरी उतरून घेतली.

"घाई कसली आहे?"

"घाई नाही. पण आंतोनसाठी मिस्साची प्रार्थना आहे. अख्खी पेठ येणार. लोकांना काहीतरी ऐकायला मिळायला हवं की नाही?"

"हवं ना," थोरले फादर म्हणाले आणि चालू लागले.

जुन्या बंदरपेठेतलं हे चर्च. एके काळी परदेशी जहाजं इथे लागत. तेव्हा त्यांच्या लोकांनी आपल्या मुलखातल्यासारखं बांधून घेतलं. टोकदार कमानी, सुरूच्या बनासारखे सरळसोट खांब, रंगीत काचा आणि बघताना मान अवघडेल एवढं उंच दगडी छत. पुढे जहाजं यायची थांबली, गोदामांना कुलपं लागली, चर्च तेवढं राहिलं. आता आठवडाभर फोटो काढणारे येतात आणि रविवारी कोळीवाडा येतो.

थोरले फादर इथेच म्हातारे झाले. एलायस मात्र नवा. नुकतीच दीक्षा झालेला, फादर घडवणाऱ्या सेमिनरीत वक्तृत्वाची सगळी बक्षिसं मारलेला. तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायची आठवण राहत नसे. हे इतरांइतकंच त्यालाही ठाऊक होतं.

थोरल्यांचं सगळं उलटं. एक वाक्य बोलायचं आणि नुसतं उभं राहायचं. मग दुसरं. पेठेतली माणसं थट्टेने म्हणत, थोरल्या फादरांच्या दोन वाक्यांच्या मधे बाजार करून यावा. वय झालं, बिचाऱ्यांना शब्द आठवत नाहीत, असं एलायसला वाटे. मायेनेच वाटे, पण वाटे.

"इथे लाउडस्पीकर बसवू या, फादर."

"बसवले होते. आधी एक गलका ऐकू यायचा, मग चार ऐकू यायला लागले. काढून टाकले."

एलायस हसला. त्याने वर पाहिलं.

"काय बांधलंय पण! प्रत्येक रेघ बघा, वरच चढते. माणसाची नजर आपोआप देवाकडे जाते."

"हो का? मी आपला खाली बघून चालतो. फरशी निसरडी आहे."

एलायस त्यांच्या मागे दोन पावलं चालला. आणि मनातलं ठसठसत होतं ते बाहेर पडलंच.

"तुमचा माझ्यावर भरवसा नाही का, फादर?"

"लिहिलंयस?" फादरांनी विचारलं.

"पाठ आहे."

"मग आत्ताच बोल. रविवारी बोलायचंय तेच. मी मागच्या बाकावर बसतो."

मागच्या बाकावर आधीच कुणीतरी होतं. कातरीनबाय. आंतोनची आई.

आंतोनची होडी वादळात उलटली त्याला बरेच दिवस झाले होते. बाकीच्यांना दुसऱ्या होडीने उचललं. आंतोन सापडलाच नाही. त्यामुळे कबर नाही, फुलं ठेवायला जागा नाही. रोज दुपारी मासळी विकून झाली की कातरीनबाय रिकामी पाटी दाराबाहेर ठेवायची आणि आत येऊन बसायची. हाताला वास असतो म्हणून नेहमी शेवटच्या बाकावर. पुढे ये म्हटलं तरी यायची नाही.

फादर तिच्या शेजारी बसले. एलायस प्रवचनपीठाच्या पायऱ्या चढला.

खोटं कशाला बोलावं, चांगलं बोलला तो. वादळातल्या होडीबद्दल बोलला, लाटेवरून चालत आलेल्या येशूबद्दल बोलला, किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या आईबद्दल बोलला. कुठे अडखळला नाही. खाली उतरून तो मधल्या वाटेने मागे आला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"कसं झालं, फादर?"

"दोघं बोलत होते."

"दोघं? कोण दोघं?"

"तू आणि तू."

एलायसच्या कपाळाला आठी पडली. इतकी मेहनत करायची आणि वर कोडी सोडवायची! तो काहीतरी बोलणार, तोच कातरीनबाय पुढे वाकली.

"फादर... रविवारी माझ्या आंतोनचं नाव घ्याल ना?"

"मावशी, आत्ताच घेतलं की! एकदा नाही, तीनदा घेतलं."

"घेतलंत?"

ती ओशाळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला नाय ऐकू आलं. वर नुसतं घुमत होतं. मला वाटलं, दर्याचं काय सांगताय."

"तीनदा घेतलं, मावशी..."

"माझेच कान गेले असतील, बाबा. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ." मग हळूच म्हणाली, "घरात कोण त्याचं नाव काढत नाय. काढलं की सून उठून आत जाते. म्हटलं, इथं तरी कानावर पडेल..."

एलायस समोरच्या बाकावर मटकन बसला. त्याला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

फादर बेनेदित उठले. प्रवचनपीठाकडे गेले नाहीत. चार पावलं चालून मधल्या वाटेत थांबले, एका खांबाला हात टेकला आणि जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाले,

"आंतोन."

आणि गप्प राहिले.

नाव वर गेलं. कमानीकमानीतून फिरलं. छताने ते परत खाली दिलं, मग वेदीकडून आलं, मग काचांकडून आलं. दर वेळी थोडं मऊ होऊन, पण पुसट होऊन नव्हे. त्याच्या वाटेत दुसरा कुठलाच शब्द नव्हता.

एलायस फादरांच्या तोंडाकडे बघत होता. रोज बघायचा तोच चेहरा, तीच जराशी कललेली मान. म्हातारा शब्द शोधत नव्हता. दार वाजवून कुणी उघडेल म्हणून थांबावं, तसा थांबला होता.

कातरीनबायने मान वर केली. तिचे ओठ हलले. इतक्या दिवसांत जी हाक तिला घरात मारता आली नव्हती, ती तिने मोठ्याने मारली.

"आंतोन..."

छताने तिचंही परत दिलं.

मग ती रडली. अगदी पोटातून रडली. दोघांपैकी कुणी तिला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळाने फादर येऊन एलायसच्या शेजारी बसले.

"रविवारी तू बोल."

"मी?" एलायसने वळून पाहिलं. "माझं प्रवचन तर तुम्ही ऐकलंत."

"नाही ऐकलं. म्हणून तर रविवारी ऐकायचंय."

एलायसने मान खाली घातली. आता त्याची नजर फरशीवर होती.

"आधी त्याचं नाव घेईन."

"घे."

"मग थांबेन."

"थांब."

"पण किती थांबायचं, फादर?"

एलायस कान देऊन ऐकू लागला. छत शांत झालं होतं. खांब शांत झाले होते. बाहेर बंदरावर कुणीतरी दोर ओढत होतं, त्याचा आवाज आत येत होता. मागच्या बाकावरचे हुंदके थांबले होते. कातरीनबाय डोळे मिटून, तोंड वर करून बसली होती.

एलायस अगदी हळू म्हणाला,

"आवाज विरला, फादर. आता पुढचं बोलायला हरकत नाही ना?"

फादरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ती अजून ऐकतेय."