एकाक्षाने पुढे केलेला हात

“म्हणजे फेटा बांधणारच नाही म्हणता?”

सिदोजीचा आवाज चढला. हातातला जरीचा फेटा त्याने गुरूंच्या पुढ्यात धरला होता, आणि गुरू हेमगिर गोसावी डोंगरावरच्या मठीत मान खाली घालून आपली फाटकी कफनी शिवत बसले होते.

गोसाव्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिरंदाजाने फेटा बांधायचा तो गुरूंच्याच हातून. तोवर बोडकं फिरायचं. सिदोजी इतकी वर्षं बोडका फिरला होता. आज डोंगराखाली अख्खं गाव ढोलताशे घेऊन उभं होतं आणि त्याची मिरवणूक या एका फेट्यासाठी अडली होती.

“बांधतो की,” गोसावी म्हणाले. “आधी काय झालं ते सांग.”

सिदोजीला तेच हवं होतं. कालपासून स्वारी जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होती.

“खिंडीतला एकाक्ष संपवला, बाबा. सागाच्या झाडाएवढा राक्षस, कपाळाच्या मधोमध परातीएवढा एकच डोळा. एका बाणात!”

“मेला?”

“डोळा गेला. म्हणजे मेल्यातच जमा. बसलाय खिंडीत दगडधोंडे चाचपत.”

गोसाव्यांची सुई थांबली.

“त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं?”

“काय बिघडवलं? कुंभाराचं गाढव चिरडलं की त्याने!”

“खाल्लं?”

“खाल्लं नाही.”

“मग?”

“मग... त्याच्याशेजारीच बसून राहिला म्हणे. मेलेल्या गाढवाला कुरवाळत. राक्षसांचं काय सांगावं!”

“हं... आणि तुझ्याशी कसा वागला?”

“चालून आला. मला बघून खाली वाकला आणि हा एवढा हात पुढे केला, बोटं पसरून. दुसरा कुणी असता तर धोतर टाकून पळाला असता. मी पाय रोवले आणि नेम धरला.”

“कसा धरलास?”

सिदोजी हसला. “तुम्हीच शिकवलात तसा. डावा डोळा मिटून.”

“एकाच डोळ्याने?”

“दोन डोळ्यांनी नेम फसतो. तुमचेच शब्द.”

“खरं आहे... म्हणजे तेव्हा खिंडीत दोघे एकाक्ष होते.”

सिदोजीला हे काही रुचलं नाही. पण मानाच्या दिवशी गुरूंशी कशाला हुज्जत घाला, म्हणून त्याने फेटा तेवढा मांडीवर घेतला.

गोसाव्यांनी सुईतला दोरा तोडला. नवा दोरा सिदोजीच्या हातात दिला आणि सुई चिमटीत धरून हात लांब केला.

“मला आता दिसत नाही नीट. ओवून दे. पण तसाच... डावा डोळा मिटून.”

“एवढंच ना?”

सिदोजीने डोळा मिटला. दोरा सुईच्या अलीकडेच हवेत अडखळला. त्याने पुन्हा नेट लावला, तर आता पलीकडून गेला. उडत्या पाखराचं पीस नेमकं टिपणारा हा गडी, आणि समोरची सुई त्याला गवसेना. तो चिडला. मग त्याचा डावा हात आपसूक पुढे झाला. सुई कुठे आहे ते चाचपायला, बोटं पसरून...

आणि तो हात तसाच हवेत राहिला.

सिदोजी स्वतःच्याच हाताकडे पाहत राहिला.

खाली ढोल वाजू लागले होते. कुणीतरी त्याच्या नावाने आरोळी दिली.

“बाबा...”

“हं.”

“तो मारायला आला नव्हता.”

गोसाव्यांनी वर पाहिलं.

“मी किती लांब आहे, ते त्याला कळत नव्हतं. तो... फक्त चाचपत होता.”

सिदोजीने हात खाली घेतला.

“ते गाढवसुद्धा...”

तो ढसाढसा रडला. गोसाव्यांनी त्याला रडू दिलं.

“एक डोळा मिटायला मी शिकवलं तुला,” ते म्हणाले. “पुन्हा उघडायला शिकवायचं राहून गेलं.”

“प्रायश्चित्त सांगा, बाबा. उपास सांगा, तीर्थाला धाडा. सांगाल ते करतो.”

“त्याने एकाक्षाचा डोळा परत येईल?”

सिदोजीने मान हलवली. नाही.

त्याने फेटा गुंडाळून गुरूंच्या पायाशी ठेवला. शेजारी धनुष्य ठेवलं, भाता ठेवला. मग उठून बाहेर आला. डावीकडची वाट गावाकडे उतरत होती, ढोलांच्या आवाजाकडे. उजवीकडची खिंडीकडे जात होती आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

तो उजवीकडे वळला. चार पावलं गेला आणि थांबला.

“बाबा, त्याला जाऊन सांगू तरी काय?”

गोसाव्यांनी सुई कफनीत खोचून ठेवली.

“लांबूनच हाक मार. तो हात पुढे करेल... तेव्हा जागचा हलू नकोस.”