भुंग्याची भरबाजारातली शिकवणी

कुत्र्यांचं बोलणं धनगरांना कळायचं, त्या काळची ही गोष्ट. सिदबा धनगराचा कळप भुंग्या नावाचा म्हातारा कुत्रा राखायचा आणि चिमी नावाची पोरसवदा कुत्री त्याच्या हाताखाली शिकायची. फुलपाखरू उडालं की चिमीचं लक्षही त्याच्याबरोबर उडायचं.

एकदा सिदबा म्हणाला, "आज कळप भरबाजारातून न्यायचाय. हिनं घोळ घातला, तर हिला कुणाला तरी देऊन टाकीन."

भुंग्याने छाती फुगवली. "चिमे, काही झालं तरी माझ्यावरची नजर काढायची नाही. बाकी मी बघतो."

बाजारात भजी तळली जात होती, डोंबारी ढोल बडवत होता, पण चिमीने मान वळवली नाही. भुंग्या स्वतःवरच खूश झाला. गुरू असावा तर आपल्यासारखा! तेवढ्यात खाटकाच्या दुकानापुढे एक हाड दिसलं. नुसता वास घेऊ, असं त्याने ठरवलं. ठरवायला काय जातं? मनसोक्त चाटून त्याने मागे पाहिलं, तर सगळ्या मेंढ्या भाजीवालीच्या मेथीत तोंड घालून उभ्या!

सिदबा काठी घेऊन धावत आला. "चिमे, लक्ष कुठं होतं तुझं?"

"भुंग्याआज्जांवर," चिमी म्हणाली. "एकदासुद्धा नजर हलवली नाही मी."

भुंग्याने घाईघाईने मिशा चाटल्या.

पुढच्या बाजारी चिमी पुढे चालली आणि भुंग्या तिच्या मागे. तिच्यावरची नजर काढायची नाही, एवढाच धडा त्याला होता. खाटकाचं दुकान आलं की तो अजूनही चुकतो.