काजळ लावलेल्या खिळी

खूप मागे, ढग अजून माणसांच्या ओसरीवर येऊन बसत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका उंच डोंगरावर एक राज्य होते. तिथली माणसे हळू बोलत. ढगात मोठ्याने बोललेले विरघळून जाते, असा त्यांचा समज होता. त्यांच्याकडे झरे होते, उताराची शेते होती, फक्त नदी नव्हती. ती खाली होती, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि डोंगरावरून दिसत नसे.

ज्याचे पाय धड होते तो मनात आले की नदीवर जाऊन येई. पाय थकलेल्यांसाठी रथ होता. वर्षातून एकदा, पिके घरात आली की, राज्यातल्या साऱ्या थकल्या माणसांना त्या रथात बसवून नदीवर न्यायचे. तिथे त्यांचे पाय पाण्यात सोडायचे. ते पाण्याकडे बघत. मग परत आणायचे. इतकेच. पण त्या एका दिवसावर ती माणसे वर्ष काढत.

रथ सात पिढ्यांचा होता. उतरताना त्याच्या चाकांतून बारीक हुंकार निघे, पाळण्याजवळ बसलेली बाई गुणगुणते तसा. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात थकलेल्या सगळ्यांना म्हणे एकच स्वप्न पडे. नदी चढ चढून वर आली आहे आणि दाराची कडी वाजवते आहे.

या रथाचा एक राखणदार होता. म्हातारा, ताठ, कमी बोलणारा. जे बोले ते एकच. "माझ्या रथात बाजारची एक काडी नाही." कोणी रथाला हात लावायला गेला तर त्याला तो आधी हात धुवायला लावी.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या बायकोचे पाय गेले. लग्न होऊन डोंगरावर येताना तिने नदी एकदा ओलांडली होती. पुढे आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता चाळीस वर्षे गेली. यंदा ती रथात बसणार होती. ती रोज विचारी, "किती दिवस राहिले हो?" आणि तो रोज बोटे दाखवी.

आता चूक कुठे झाली ते ऐका.

ज्या दांड्यावर चाक फिरते त्या आखाच्या टोकाला एक भोक असते. त्यात लोखंडाची खीळ घालतात. खीळ आहे म्हणून चाक निसटत नाही. चार चाके, चार खिळी. त्या पावसाळ्यातच काढून बघायच्या अशी रीत होती. राखणदाराने काढल्या नाहीत. म्हणाला, "मला न बघता कळतं." पीक कापणीला आले तेव्हा त्याने खिळी काढल्या. दोन गेल्या वर्षी बदललेल्या होत्या, त्या धडधाकट निघाल्या. दुसऱ्या दोन मधोमध झिजून काडीसारख्या झाल्या होत्या.

तो लोहारणीकडे गेला. ती त्याच्याहून म्हातारी. रथाच्या साऱ्या खिळी तिच्याच घराण्याने घडवलेल्या.

"दोन खिळी हव्यात," तो म्हणाला.

"तीन महिने लागतील."

"रथ पंधरा दिवसांनी निघायचा आहे."

"मग पावसाळ्यात झोपला होतास काय? लोखंड ठोकायचं, राखेत निजवायचं, परत ठोकायचं. असं सात वेळा. घाईनं उठवलेलं लोखंड चिडकं असतं बाबा. भार पडला की तडकतं. राजाला जाऊन सांग, यंदा रथ थंडीत निघेल."

"माझ्या हयातीत रथ उशिरा निघालेला नाही."

"मग बस हयात कवटाळून," असे म्हणून ती भात्याकडे वळली.

राजाला एवढे सांगणे राखणदाराला जमले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. जमले नाही. तो डोंगर उतरून खालच्या बाजारात गेला. तिथे एका दुकानदाराकडे खिळींची रास होती. सगळ्या लखलखीत.

"हातात तर घ्या, आजोबा!" दुकानदार म्हणाला. "तुमच्या खिळीची जुळी बहीण. उलट अंगानं गोरीच."

"भार सोसेल?"

"हत्ती बसवा."

"हत्ती नाही. माणसं बसायची आहेत."

"मग तर काळजीच मिटली!"

राखणदाराने भोकाच्या मापाच्या काठीवर खीळ लावून पाहिली. बरोबर बसली. वजनाला मात्र ती जरा हलकी वाटली. तरी त्याने दोन घेतल्या.

पण आता नवीच अडचण आली. खिळी चकाकत होत्या, लोहारणीच्या काळ्याभोर असत. कोणीही पाहिले असते तरी म्हणाले असते, ही तर बाजारची. म्हणून त्याने घरी येऊन दिव्याच्या काजळीत एरंडेल कालवले आणि भरदुपारी चुलीपाशी बसून खिळींना चोळू लागला.

बायको खाटेवरून बघत होती.

"तीट लावताय होय?" ती म्हणाली. "दृष्ट लागेल इतकी देखणी आहे का ती?"

तो चोळतच राहिला. ती हसली, मग हसायची थांबली.

निघण्याच्या आदल्या दिवशी चारही खिळी एकाच कढईत तेलात उकळायची चाल होती. राखणदाराने त्या टाकल्या. तेल तापले. दोन खिळींतून बारीक बुडबुडे निघू लागले, कोरे मडके पाण्यात बुडवल्यावर निघतात तसे. त्याने ते पाहिले आणि मान वळवली. पुन्हा पाहिले तोवर तेलाने खिळी फिरवल्या होत्या. कढईतून चार काळ्या खिळी निघाल्या. चारही सारख्या. कुठली लोहारणीची आणि कुठली बाजारची, हे आता त्यालाही कळेना. त्याने त्या हाताला येतील तशा बसवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रथ निघाला. अकरा माणसे होती. राखणदाराची बायको होती. नावाड्याच्या घरातली एक आजी होती, तिचा जन्म नदीकाठचा. डोळे गेलेला एक शिक्षक होता. ढग वाटेवर उतरले होते आणि रथ त्यांच्यातून चालला होता, की ढगच रथाला घेऊन चालले होते, कोण सांगणार. घरचे लोक मागून चालत होते.

रथाला दोन बैल. त्यातला भुरा थोरला. त्या राज्यात बैल बोलत, पण कामापुरतेच.

बरीचशी वाट झाली आणि भुरा थांबला.

"डावं चाक गुणगुणत नाही," तो म्हणाला. "कुरकुरतंय."

"चल," राखणदार म्हणाला.

"तू ऐकलंस ना?"

"थोडंच राहिलंय. चल म्हणतो ना!"

खरेच थोडे राहिले होते. खालून पाण्याचा आवाज येत होता. रथातली माणसे माना पुढे काढून ऐकत होती. शिक्षक म्हणाला, "मला वास आला!" नावाड्यांची आजी डोळे मिटून वल्हे मारावे तसे हात हलवत होती. राखणदाराने भुऱ्याच्या पाठीवर थाप मारली. भुऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पाऊल टाकले.

उताराच्या वळणावर खीळ तडकली. चाक निसटून ढगात गेले, त्याचा पडल्याचा आवाजही आला नाही. आखाचे टोक खडकावर आदळले आणि उभे चिरले. भुरा तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसला म्हणून रथ थांबला. कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

लोक धावत आले. एकाने तुटलेला तुकडा उचलला. काळा, तेलकट, नेहमीसारखा.

"लोहारणीची खीळ तुटली!" तो म्हणाला. "तिच्या आज्यापणज्यानं कधी दगा दिला नव्हता."

"हात चालत नाही आता म्हातारीचा."

"दुसरा लोहार बघायला पाहिजे."

आणि एक जण म्हणाला, "बाकीच्या तीन तर शाबूत आहेत. चाकाच्या जागी ओंडका लावू. माणसं बसू देत तशीच, ओढत वर नेऊ."

चार जण ओंडका आणायला वळलेही.

राखणदार उभा होता. गप्प राहिले तर त्याचे नाव राहत होते. बोल लोहारणीला लागणार होता, आणि ती तर तिथे नव्हतीच. पण राहिलेल्या तिनांत एक खीळ बाजारची होती. कुठली, ते त्याला माहीत नव्हते. त्याने रथात पाहिले. बायको त्याच्याचकडे बघत होती. तिने काजळ पाहिले होते. ती बोलली असती तर त्याला सोपे गेले असते. ती बोलली नाही.

"थांबा," तो म्हणाला.

त्या वाटेवर इतक्या मोठ्याने कोणी कधी बोलले नव्हते. पण ते विरघळले नाही. सगळ्यांनी ऐकले.

"खीळ लोहारणीची नाही. मी बाजारातून आणली. दोन आणल्या. मी काळ्या केल्या. माणसं उतरवा, तिनांत अजून एक आहे. कुठली, ते मला सांगता येत नाही."

माणसे उतरवून घेतली. राखणदाराने चाकांना दगड लावले, एकेक खीळ काढली आणि खडकावर ठेवून घण मारला. पहिली घंटेसारखी वाजली. दुसरीही वाजली. तिसरीचे दोन तुकडे झाले. आतून ती राखाडी होती, आंबोळीसारखी जाळीची.

"हे पोटात ठेवून मला चालवलंस," भुरा म्हणाला. मग तो राखणदाराशी वर्षभर बोलला नाही.

पुढची वाट निसरडी, उभ्या उताराची होती; बैलांना रथ सावरता येई, माणसाला नाही. पाठीवर माणूस घेऊन तिथे पाऊल ठरत नसे. तरण्यांनी थकलेल्यांना पाठीवर घेतले आणि सारे उलटे वर निघाले. राखणदाराने बायकोला घेतले. पाण्याचा आवाज मागे मागे राहत गेला. नावाड्यांची आजी आपल्या नातवाच्या पाठीवरून सारखी मान वळवून बघत होती. एका वळणानंतर आवाज बंद झाला. तेव्हा तिने मान सरळ केली.

खीळ तीन महिन्यांत झाली असती. पण आख चिरला होता. नव्या आखाचे लाकूड वाळायला एक वर्ष लागते. त्यात घाई करता येत नाही.

राखणदार लोहारणीकडे गेला. मान खाली घालून उभा राहिला. ती म्हणाली, "भाता कोण ओढणार?" तो खाली बसला आणि भाता ओढू लागला. तीन महिने रोज गेला.

पुढच्या वर्षी रथ निघाला. दोन खिळी जुन्या, काळ्या होत्या; दोन लोहारणीच्या नव्या, कोणालाही ओळखू याव्यात म्हणून घासून चकचकीत केलेल्या. निघण्याआधी राखणदाराने रथात बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नवी खीळ दिली. "ही नवी आहे. बघा, वाजवा. मग बसायचं का नाही ते ठरवा." सगळ्यांनी वाजवली. सगळे बसले.

पण दोन जागा रिकाम्या होत्या. नावाड्यांची आजी थंडीत गेली. शिक्षक पिके पेरायच्या दिवसांत गेला. त्या जागांवर राजाने कोणाला बसू दिले नाही.

नदीवर राखणदाराने बायकोचे पाय पाण्यात सोडले. ढग पाण्यावरून सरकत होते. कोणता काठ कुठे संपतो ते कळत नव्हते. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दोघांना एवढंच हवं होतं."

"माझ्यामुळं राहिलं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तिने तेवढेच म्हटले आणि त्याने ते ऐकून घेतले.

बोध: खोटा भाग काढून खरा बसवता येतो, पण तो लपवण्यात गेलेला दिवस कोणालाच पुन्हा बसवता येत नाही.